पोच

हळदोण्याच्या पोस्टात बदली होऊन आलो
आणि पहिल्याच सकाळी भोंगा वाजला, पों पों,
सायकलीला बांधलेली बांबूची टोपली, वर निळं प्लास्टिक.
मी म्हणालो, पाव.
मिंगेल पोदेर सायकलीवरून उतरलाच नाही.
म्हणाला, "खंयचो?"

कुठला म्हणजे काय? पाव तो पाव.
"कात्रो आसा, उंडो आसा, पोय आसा, काकणां आसात."
मागे कुणी बाई हसली.
पन्नाशीचा माणूस मी, हातात स्टीलचं पातेलं,
एका शब्दाच्या दारात
घर चुकल्यासारखा उभा.

माझा पाव फार लहान होता.
आजऱ्याच्या शाळेत तो पावकीत भेटला,
एक पाव पाव, बे पाव अर्धा.
चुकलं की मास्तरांची पट्टी मात्र पूर्ण.
मग वडिलांचा पावशेर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
ज्याला आई औषध म्हणायची.
मग तो गणपती, जो आत्याला पावला
आणि आईला नाही.
हे घरात दरवर्षी निघायचं,
विसर्जनाच्या आदल्या रात्री.

आणि मुंबईत, आठवी ब,
तिसऱ्या बाकावर कायतान लोबो.
त्याने डबा उघडला की आम्ही:
मकापाव! मकापाव!
अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. चाल ठाऊक होती.
तोही हसायचा,
आणि डब्याचं झाकण
पुस्तकासारखं उभं धरून जेवायचा.

ऑगस्टात मिंगेलची सेविना बांबोळीच्या इस्पितळात होती.
तीन दिवस भोंगा नाही.
गावाने चहाबरोबर बिस्किटं खाल्ली, तक्रार करत.
चौथ्या संध्याकाळी खिडकी बंद करून निघालो
तर वळणावरच्या खुरसापाशी तो,
अनवाणी, कोपरापर्यंत पीठ,
वाऱ्याकडे पाठ करून मेणबत्ती धरलेली,
आणि अगदी हळू,
भावाकडे उसने मागावेत तसं:
"देवा, म्हाका पाव."

छत्री उघडायची राहिली माझ्या हातात.

म्हाका पाव.
कधीतरी कुणी तरी खानावळीत
मला पाव दे म्हणाला असेल,
शेजारच्या टेबलाने तेवढंच उचललं
आणि पोरांना खेळायला दिलं.
देवाकडे मागा की बेकरीत,
त्या भाषेने दोन शब्द केले नाहीत.
आणि आम्ही सदतीस वर्षांपूर्वी
एका मुलाच्या जेवणावर
त्याच्याच घरची प्रार्थना
ओरडत होतो.

कायतानला पत्र लिहिलं. रजिस्टर, पोचपावतीसह.
पत्ता जुना, कावेलचा, एका जुन्या वर्गमित्राकडून मिळालेला.
आत काय होतं ते सांगत नाही.
एकच पान होतं, तीनदा फाडलं.

सतराव्या दिवशी ते माझ्याच खिडकीत परत आलं.
पाठवणारा मी, देणारा मी, घेणारा मी.
मागे निळ्या शाईत, घाईचं अक्षर:
घेणार मयत.
नियमाप्रमाणे सही केली, शिक्का मारला.
शिक्का जरा तिरका बसला.
भरून पावलो असं लिहायची जागा
आता कुठल्याच फॉर्मवर नसते.

दुसऱ्या दिवशी भोंगा, नेहमीपेक्षा लांब.
"सेविना घरा पावली," मिंगेल म्हणाला,
पाव मोजता मोजता,
जणू दूधवाला आला असं सांगावं.
मी म्हणालो, चार उंडे.
त्याने पाच घातले.
पाचव्याचे पैसे पुढे केले
तर त्याने भोंगाच वाजवला आणि निघाला.

पोस्टाच्या पायरीवर उभ्याने खाल्ला तो,
कशात न बुडवता,
मधल्या चिरेतून वाफ येत होती.
शटर उघडायला
सात मिनिटं उशीर झाला.